नव्वदीचं गेस्ट हाऊस आणि गौलीगुड्यातली खानावळ

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरच्या पूना गेस्ट हाऊसला २०२५ साली नव्वद वर्षं पूर्ण झाली. लक्ष्मी रस्ता म्हणजे लग्नाचा बस्ता, सोन्याची दुकानं आणि गणपतीची विसर्जन मिरवणूक. त्याच गर्दीत १९३५ पासून हे गेस्ट हाऊस उभं आहे. राहायला खोली, जेवायला मराठी जेवण आणि सकाळ-संध्याकाळ थालीपीठ, साबुदाण्याची खिचडी, कोथिंबीर वडी असे पदार्थ. जाहिरातीचा गाजावाजा नाही, की शहरभर शाखा नाहीत.

आता हैदराबादच्या मंडळाच्या अंकात पुण्याच्या गेस्ट हाऊसचं कौतुक कशाला, असं कुणी विचारेल. कारण सांगतो. मी गौलीगुड्यात वाढलो. ज्या घरात वाढलो, त्या घरात माझ्या पणजीची खानावळ होती. ती साधारण वीस वर्षं चालली आणि बंद पडली. गेल्या वर्षी मावसभावाच्या लग्नासाठी पुण्याला गेलो, तेव्हा दोन दिवस पूना गेस्ट हाऊसमध्ये जेवलो आणि तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात घोळतोय. दोन्हीकडे मराठी माणसं, मराठी जेवण आणि परगावाहून आलेले पाहुणे. मग एक खानावळ नव्वदी का गाठते आणि दुसरीचं नावसुद्धा शेजाऱ्यांना का आठवत नाही?

आधी शिधा, मग थाळी

आज आपण फोनवर दोनदा बोट फिरवलं की खोली बुक होते आणि जेवण दारात येतं. पण परगावी पैसे देऊन शिजवलेलं अन्न खाणं, ही आपल्याकडे फार जुनी गोष्ट नाही. प्रवासी धर्मशाळेत किंवा सराईत उतरायचा. तिथे त्याला छप्पर मिळे, विहीर मिळे, चुलीसाठी जागा मिळे. अन्न मात्र त्याचं त्यानं करायचं. म्हणून बैलगाडीत गाठोड्यात तांदूळ, डाळ, पीठ, मीठ-मिरची असा शिधा बांधलेला असे. कुणाच्या हातचं खायचं आणि कुणाच्या हातचं नाही, याचे नियम इतके कडक होते की शिजवलेलं अन्न विकायला ठेवणं म्हणजे अर्ध्या गिऱ्हाइकांना आधीच परत पाठवणं.

गंमत म्हणजे हे फक्त आपल्याकडेच नव्हतं. स्पेनमधल्या माद्रिद शहरात बोतीन नावाचं उपाहारगृह आहे. १७२५ साली सुरू झालेलं हे ठिकाण जगातलं सर्वांत जुनं चालू उपाहारगृह म्हणून गिनीज बुकात नोंदलं गेलं आहे. म्हणजे २०२५ मध्ये पूना गेस्ट हाऊसची नव्वदी आणि बोतीनची त्रिशताब्दी! तिथेही सुरुवातीच्या काळात प्रवासी आपलं साहित्य घेऊन येत आणि तिथल्या भट्टीत ते शिजवून मिळे, असं सांगतात. लाकडावरची ती जुनी भट्टी आजही तिथे पेटते. जपानमध्ये तर निशियामा ओनसेन केऊनकान नावाची सराई इ. स. ७०५ पासून चालू आहे. पन्नासहून अधिक पिढ्यांनी ती चालवली.

या आकड्यांपुढे नव्वद वर्षं म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण मराठी खानावळीच्या हिशेबात नव्वद हे मोठं वय आहे. शिकायला, नोकरीला, कोर्टकचेरीला माणसं एकटी शहरात येऊ लागली, तेव्हा त्यांच्या पोटासाठी खानावळी निघाल्या. मुंबईत गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या बायका आपल्या खोलीतच खानावळ चालवत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ते अशाच खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. दादरला मामा काणे यांचं उपाहारगृह १९१० पासूनचं. अशी जुनी नावं हाताच्या बोटांवर मोजता येतात. बाकीच्या शेकडो खानावळी चालवणाऱ्या बाईबरोबरच संपल्या. आमचीही त्यातलीच एक.

सिनेमावाल्याचं गेस्ट हाऊस

पूना गेस्ट हाऊस सुरू करणारे नानासाहेब सरपोतदार मुळात हॉटेलवाले नव्हतेच. ते मूकपटांच्या जमान्यातले दिग्दर्शक आणि निर्माते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या नांदिवसे गावचा जन्म, साल १८९६. नाटकाच्या ओढीनं घर सोडलं, कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत काम केलं आणि पुढे पुण्यात स्वतःचे चित्रपट काढले. ऐतिहासिक मूकपट काढलेच, पण १९२५ साली अस्पृश्यतेच्या प्रश्नावर ‘महाराची पोर’ नावाचा सामाजिक चित्रपटही काढला. शंभर वर्षांपूर्वी असा विषय हाती घेणं सोपं नव्हतं. ज्यांना आपण ‘रामायण’ मालिकेतली मंथरा म्हणून ओळखतो, त्या ललिता पवार लहान वयात पडद्यावर आल्या त्या सरपोतदारांच्याच आर्यन फिल्म कंपनीतून.

मग १९३१ साली ‘आलम आरा’ आला आणि पडदा बोलू लागला. १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला आणि मराठी पडदाही बोलला. बोलपटाला लागणारं भांडवल, यंत्रं, स्टुडिओ हे सगळं वेगळं होतं. मूकपटांच्या अनेक कंपन्या या लाटेत बुडाल्या. आमच्या क्षेत्रात दर पाच-सात वर्षांनी एखादं तंत्रज्ञान येतं आणि काल शिकलेलं आज बिनकामाचं होतं, त्यामुळे नानासाहेबांची अवस्था मला चांगलीच कळते. फरक इतकाच, की आम्ही नवा कोर्स लावतो आणि त्यांनी गेस्ट हाऊस काढलं.

१९३३ साली प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आली होती. शहरात सिनेमाची, नाटकाची माणसं येत-जात होती. त्यांना उतरायला आणि वेळी-अवेळी जेवायला जागा हवी होती. नानासाहेबांच्या ओळखी नेमक्या याच मंडळींत होत्या. त्यांना गिऱ्हाईक शोधावं लागलं नाही, कारण त्यांचे मित्र हेच त्यांचं गिऱ्हाईक होतं. नानासाहेब १९४० साली गेले, म्हणजे गेस्ट हाऊस सुरू झाल्यावर पाचच वर्षांनी. तिथेच गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण पुढच्या पिढ्यांनी ते चालवलं. त्यातले चारुदत्त, म्हणजे सगळ्या पुण्याचे चारुकाका सरपोतदार. नाटकाच्या पडद्यामागे राबणाऱ्या कलाकारांसाठी त्यांनी खूप केलं. रंगमंचावर ज्यांच्या नावाची पाटी कधी लागत नाही, अशा माणसांना या गेस्ट हाऊसमध्ये आपुलकीचं ठिकाण मिळालं.

दोन नद्या, दोन बस्त्या

आता गौलीगुड्याकडे येऊ. नव्या पिढीतल्या बहुतेकांना गौलीगुडा म्हणजे बसस्टँडजवळची गजबज एवढंच माहीत. पण जरा नकाशा समोर ठेवा. मुसीच्या एका काठावर गौलीगुडा, पलीकडच्या काठावर हायकोर्ट. थोडं चाललं की अफजलगंज आणि उस्मानिया दवाखाना. दुसऱ्या बाजूला कोटी आणि सुलतान बाजार. टांग्यानं गेलं की काचीगुडा स्टेशन.

१९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात, आणि मग हैदराबाद राज्यात होता. नांदेड, परभणी, औरंगाबादच्या माणसाची राजधानी मुंबई नव्हती, हैदराबाद होती. मनमाडहून निघालेली मीटरगेज गाडी औरंगाबाद, परभणी, नांदेड करत काचीगुड्याला यायची. जमिनीचा दावा हायकोर्टात लागला की पक्षकार इथे. घरातलं माणूस मोठ्या दुखण्यानं आजारी पडलं की उस्मानिया दवाखान्यात. मॅट्रिकच्या पुढे शिकायचं म्हणजे १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात, तेही उर्दूतून. मराठी शाळा हवी तर विवेकवर्धिनी. वाचायला १९२२ साली सुरू झालेलं इसामिया बाजारातलं मराठी ग्रंथ संग्रहालय. निजामाच्या रेल्वे खात्यानं १९३२ साली २७ गाड्या घेऊन बससेवा सुरू केली, आणि गौलीगुड्याचा तो अर्धगोल पत्र्याचा प्रचंड हँगर पुढे कित्येक दशकं शहराचं बसस्टँड होता. २०१८ च्या जुलैमध्ये तो कोसळला, हे आपल्यातल्या अनेकांनी पाहिलं आहे.

कोर्ट, दवाखाना, शाळा, स्टेशन आणि बस यांच्या बरोबर मधोमध मराठी माणसाला जेवायला जागा हवी होती. माझी पणजी परभणीकडची. नवरा लवकर गेला, पदरात दोन मुलं. तिनं आमच्या वाड्याच्या पुढच्या दोन खोल्यांत खानावळ सुरू केली, १९४० च्या आसपास. मागच्या माडीवर चार-पाच विद्यार्थी राहायचे. कोर्टाच्या तारखेला आलेले पक्षकार ओसरीवर पथारी टाकायचे. म्हणजे पाटी नसलेलं गेस्ट हाऊसच म्हणा.

तिची एक हिशेबाची वही आमच्याकडे आहे. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. हिशेब हाली रुपयांत. प्रत्येकाचं नाव, महिन्याचे पैसे, आणि पुढे खाडे. ‘खाडा’ हा शब्द कदाचित नव्या मुलांना ठाऊक नसेल. ज्या वेळी मेंबर जेवायला आला नाही, ती वेळ म्हणजे खाडा. आधी सांगितलं असेल तर त्याचे पैसे कापले जात. पणजीनं वीस वर्षांचे खाडे नीट लिहून ठेवले आहेत. कोण कोणत्या दिवशी जेवला नाही, हे मी आज सांगू शकतो. पण जे जेवले त्यांनी काय खाल्लं, याची एक ओळसुद्धा त्या वहीत नाही.

गिऱ्हाईकच राज्याबाहेर गेलं

खानावळ बंद का पडली, असं घरात विचारलं की उत्तर यायचं, “पणजी थकली.” ते खरं आहे, पण अर्धंच. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला. एका दिवसात परभणीच्या माणसाचं हायकोर्ट बदललं. कचेऱ्यांतले मराठी कारकून बदलीनं तिकडे गेले. १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघालं आणि मुलांना शिकायला हैदराबादला येण्याचं कारण उरलं नाही. वहीत हे स्पष्ट दिसतं. १९५५ च्या पानांवर नावं मावत नाहीत. १९५९ च्या पानावर चार नावं आहेत. त्यानंतर पानं कोरी.

म्हणजे जेवण बिघडलं नव्हतं. गिऱ्हाईकच राज्याबाहेर गेलं होतं.

पूना गेस्ट हाऊसच्या बाबतीत असं झालं नाही. पुणं मराठीच राहिलं. शिवाय लक्ष्मी रस्त्यावर खरेदीला येणारा माणूस हे कायमचं गिऱ्हाईक. खोल्यांचं भाडं आणि खाण्याची विक्री अशा दोन बाजूंनी पैसा येत राहिला. एक बाजू लंगडली की दुसरी सावरते. आणि तिसरं, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं, म्हणजे पुढच्या पिढीनं हा धंदा ‘धंदा’ म्हणून सन्मानानं हाती घेतला. आमच्या घरात खानावळीकडे कुणी तसं पाहिलंच नाही. “आईनं लोकांना जेवू घालून आम्हाला शिकवलं,” हे आजोबा डोळ्यांत पाणी आणून सांगायचे. पण त्याचा अर्थ असा, की आता आपल्याला ते करावं लागू नये. आजोबा सरकारी नोकरीत गेले, बाबा बँकेत, मी सॉफ्टवेअरमध्ये. यात कुणाचं काही चुकलं असं मला वाटत नाही. खानावळीचं यशच हे, की तिनं मुलांना खानावळीतून बाहेर काढलं.

पंगतीत कोण होतं

जुन्या खानावळींबद्दल लिहिताना नुसते उमाळे काढून चालत नाही. त्या काळी कित्येक पाट्यांवर जातीचं नाव असे. आमच्याकडे पाटी नव्हती, पण नियम होता. वहीतली आडनावं वाचली तर ती सगळी एकाच जातीची आहेत. त्याच काळात त्याच मराठवाड्यातून आलेली इतर मुलं याच शहरात, याच कॉलेजांत शिकत होती. ती कुठे जेवत होती, हे आमची वही सांगत नाही. कुणासाठी दार उघडं नव्हतं, याचा खाडा कुठेच मांडला जात नाही.

वारसा म्हणून जेव्हा आपण जुनं जेवण जपायला निघतो, तेव्हा हे बरोबर घेऊनच निघायला हवं. पदार्थ जपायचे आहेत, पंगतीचे नियम नाहीत. आज लक्ष्मी रस्त्यावर शेजारच्या टेबलावर कोण बसलंय, हे कुणी विचारत नाही. अन्नाची चव त्यानं कमी झालेली नाही.

थालीपीठ आणि धपाटा

लग्नाच्या गडबडीत पूना गेस्ट हाऊसमध्ये मी थालीपीठ मागवलं. ते खाताना लक्षात आलं, की आमच्या घरात हा पदार्थ या रूपात होतच नाही. आम्ही करतो ते धपाटे. दोन्ही हातानं थापायचे, दोन्ही तव्यावरचे, पण घराणी वेगळी.

थालीपीठाचा जीव भाजणीत आहे. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने, जिरं हे सगळं वेगवेगळं भाजायचं आणि मग एकत्र दळायचं. वेगवेगळं का, तर प्रत्येकाला लागणारा वेळ निराळा. धने आधी करपतात, डाळ उशिरा तांबूस होते. हे काम अर्ध्या दिवसाचं, म्हणून आता बहुतेक घरांत भाजणी विकतचीच येते. धपाट्याला भाजणी लागत नाही. ज्वारीचं पीठ, त्यात थोडी कणीक आणि बेसन, लसूण-मिरचीचा ठेचा, तीळ, कोथिंबीर. ओल्या फडक्यावर थापायचं आणि फडक्यासकट उचलून तव्यावर उलटायचं. वर दही आणि शेंगदाण्याची चटणी. प्रवासाला निघालेला मराठवाड्यातला माणूस शिदोरीत धपाटेच बांधून निघतो, कारण ते दोन दिवस टिकतात.

आपल्या हैदराबादच्या मराठी घरांनी या मराठवाडी जेवणात इथली भर घातली. आपली अंबाडीची भाजी आणि शेजारच्या तेलुगू घरातला गोंगुरा ही एकच पालेभाजी, पण आपल्या घरांत ती दोन्ही तऱ्हांनी होते. रविवारी सकाळी खिचडी आणि चिंचेचा खट्टा आपल्याला इतका आपला वाटतो, की पुण्याच्या पाहुण्यांना तो वाढल्यावर ते “हे काय?” म्हणून विचारतात, तेव्हा आपल्यालाच नवल वाटतं. बगाऱ्या वांग्यांचा शेंगदाणा-तीळ-खोबऱ्याचा रस्सा आणि आपल्या भरल्या वांग्यांचं वाटण यांचं नातं तर चुलत भावंडांचं. हे जेवण पुण्याच्या गेस्ट हाऊसमध्ये मिळणार नाही, आणि मिळावं अशी अपेक्षाही नाही. त्यांनी त्यांच्या गावाचं जपलं. आपल्या गावाचं आपल्यालाच बघावं लागेल.

एका माणसावर चाललेलं स्वयंपाकघर

आमच्या क्षेत्रात ‘बस फॅक्टर’ नावाची एक कल्पना आहे. एखाद्या प्रकल्पातली किती माणसं उद्या अचानक नाहीशी झाली तर काम ठप्प होईल, तो आकडा. आकडा एक असेल तर धोका मोठा. सगळं एकाच्या डोक्यात, लिहिलेलं काही नाही. आमच्या घरच्या स्वयंपाकाचा हा आकडा एक आहे, आणि ती म्हणजे माझी आत्या. वय चौऱ्याहत्तर. पणजीच्या हाताखाली लहानपणी लसूण सोलत बसलेली घरातली शेवटची व्यक्ती.

पुण्याहून आल्यावर मी चार रविवार आत्याकडे गेलो. तिला म्हटलं, येसराची आमटी मला शिकव, पण मापानं. ती म्हणाली, “मापानं काय शिकवू रे? हाताला कळतं.” मग मी तिच्या हातातलं धान्य परातीत पडायच्या आधी वाटीत घेत गेलो. ती चिडली, हसली, दोनदा “हौ, तूच कर आता” म्हणून उठून गेली. तिसऱ्या रविवारी मात्र स्वतःच म्हणाली, “थांब, धने तू जास्त धरलेस.” चौथ्या रविवारी मी केलेली आमटी तिनं वाटी तोंडाला लावून पिऊन पाहिली आणि फक्त म्हणाली, “पंगतीला चालेल.”

येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ. मराठवाड्यात लग्नकार्यात येसराची आमटी असतेच. खानावळीसाठी ती सोन्यासारखी, कारण आयत्या वेळी दहा माणसं वाढली तरी डाळ शिजवत बसावं लागत नाही. पाणी उकळलं की आमटी तयार. आत्याच्या हाताचं माप असं निघालं:

येसरासाठी गहू एक वाटी, हरभऱ्याची डाळ एक वाटी, ज्वारी पाव वाटी, धने अर्धी वाटी, किसलेलं सुकं खोबरं अर्धी वाटी, सुक्या लाल मिरच्या दहा-बारा, जिरं दोन चमचे, मिरे एक चमचा, लवंगा सहा, दालचिनीचे दोन तुकडे, दोन तमालपत्रं, चिमूटभर दगडफूल. धान्यं कोरडीच मंद आचेवर खमंग भाजायची. मसाले आणि मिरच्या थोड्या तेलावर परतायच्या. खोबरं सगळ्यात शेवटी, कारण ते पटकन करपतं. सगळं गार झालं की बारीक दळायचं, एक चमचा हळद मिसळायची आणि कोरड्या बरणीत भरायचं.

चार माणसांच्या आमटीला हे पीठ चार मोठे चमचे. ते आधी वाटीभर गार पाण्यात कालवून घ्यायचं, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. तेलात मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण, कढीपत्ता यांची फोडणी, त्यावर चार वाट्या पाणी. उकळी आली की कालवलेलं येसर, चिंचेचा कोळ, लहानसा गुळाचा खडा आणि मीठ. ढवळत दहा मिनिटं उकळायची. तेलाचा तवंग वर आला की झाली. बरोबर ज्वारीची भाकरी किंवा गरम भात.

लिहून ठेवणं पुरेसं नाही

हे माप मी लिहून ठेवलं, फोटो काढले, तीन ठिकाणी जपून ठेवले. इंजिनिअरची सवय. पण त्याचा उपयोग मर्यादित आहे, हे मला पुण्यातच कळलं होतं. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली निघालं, कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० साली. लिहिलेल्या पाककृतींची आपल्याकडे वाण नाही. पुस्तक कपाटात राहतं. पदार्थ राहतो तो रोज कुणीतरी मागतो आणि कुणीतरी करतो म्हणून. पूना गेस्ट हाऊसमध्ये नव्वद वर्षं थालीपीठ टिकलं, कारण नव्वद वर्षं रोज कुणीतरी आत येऊन ते मागवलं. वारसा जपण्याच्या कामात गिऱ्हाइकाचाही तेवढाच वाटा आहे.

आपण सगळ्यांनी खानावळी काढाव्यात, असं मी म्हणत नाही. नोकरी सांभाळून मला ते जमणार नाही, आणि पणजीलाही ते आवडलं नसतं. पण मागणारा तर आपण होऊ शकतो. आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात महाप्रसादाचा ठेका आता बाहेर दिला जातो, आणि ताटात पनीर, जिरा राईस आणि गुलाबजाम येतात. ते चांगलं असतं, मीही दोनदा वाढून घेतो. पण त्या ताटात एक पदार्थ आपल्या घरांतला असायला काय हरकत आहे? कंत्राटदाराला माप लिहून दिलं की तो करतो. त्याला अडचण मापाची असते, मनाची नसते. यंदा येसराची आमटी मी सुचवली आहे. तीनशे माणसांना लागणारं पीठ किती, याचा हिशेब मी करून ठेवला आहे आणि धान्य भाजायला आत्या स्वतः उभी राहणार आहे. आणखी चार-पाच तरुण हात लागतील. रविवारची सकाळ, तीन तास.

आणि तुमच्या घरी अशी एखादी आत्या, आजी किंवा काका असतील, तर त्यांच्याकडे वाटी आणि चमचा घेऊन एकदा बसा. मसाल्याचं नाव, धान्याचं माप, भाजायचा क्रम एवढं लिहून अंकाकडे पाठवा. पुढच्या वर्षीच्या ताटातला पदार्थ त्यातूनच निवडू. पणजीच्या वहीत १९५९ नंतरची बरीच पानं कोरी आहेत. पहिल्या कोऱ्या पानावर मी येसराचं माप उतरवलं आहे. पुढची पानं रिकामी आहेत.